लस टोचूनही स्वाइन फीवर परत परत येतो? मग शेडमध्ये नाही, कळपात शोधा

दीड ते तीन महिन्यांची पिल्लं तापाने मरतात, मोठी डुकरं बहुतेक टिकतात. लस दिलेली असते, इंजेक्शनं झालेली असतात, शेड चुन्याने पांढरीशुभ्र केलेली असते. दोन-तीन महिने सगळं शांत जातं आणि मग पुढच्या वेतातली पिल्लं दूध तुटल्यावर पुन्हा तशीच मरायला लागतात. पशुवैद्यक म्हणून ही तक्रार मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. वराहपालकाचा पहिला संशय लसीवर असतो, दुसरा शेडवर. खरा संशय जिथे घ्यायला हवा तिथे कोणी घेत नाही, कारण तिथे एक जिवंत, खाणारं-पिणारं डुक्कर उभं असतं.

हा विषाणू डुकराच्या अंगात शिरल्यावर नेमकं काय करतो ते एकदा नीट कळलं, तर तो परत का येतो हे आपोआप कळतं. म्हणून औषधांच्या यादीपासून सुरुवात करत नाही.

आधी रोगाचं नाव पक्कं करा

स्वाइन फीवर म्हणजे स्वाइन फ्लू नव्हे. २००९ साली पुण्यात ज्याने धास्ती भरवली तो एच१एन१ फ्लू होता, तो माणसांना होतो. स्वाइन फीवर माणसाला होत नाही. पण शेजारपाजारचे लोक दोन्ही एकच समजतात आणि त्या भीतीने वराहपालक आजार लपवतो. त्यात सगळ्यांचंच नुकसान होतं.

स्वाइन फीवरही दोन आहेत. जुना, आपल्याकडे पूर्वापार असलेला तो क्लासिकल स्वाइन फीवर. काही जण त्याला अजून डुकरांचा कॉलरा म्हणतात. त्याला लस आहे. दुसरा आफ्रिकन स्वाइन फीवर. तो भारतात पहिल्यांदा २०२० च्या मे महिन्यात आसाम आणि अरुणाचल प्रदेशात निश्चित झाला. २०२२ मध्ये तो केरळात वायनाडला आणि मध्य प्रदेशात रीव्याला निघाला. दोन्ही विषाणूंचं एकमेकांशी काही नातं नाही. क्लासिकलचा विषाणू आरएनए प्रकारचा, गुरांच्या बीव्हीडी रोगाच्या विषाणूचा भाऊबंद. आफ्रिकनचा डीएनए प्रकारचा, त्याचं घराणंच वेगळं. म्हणून क्लासिकलची लस आफ्रिकनपुढे शून्य कामाची आहे.

बाहेरून दोन्ही सारखे दिसतात: ताप, कान जांभळे, पोटाखालची कातडी जांभळी, अचानक मरतूक. डोळ्यांनी फरक सांगता येतो असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. एक खूण मात्र लक्षात ठेवा. लस झालेल्या, अंगाने भरलेल्या मोठ्या माद्या आणि नर पटापट मरायला लागले, तर हात थांबवा. मेलेलं जनावर फाडू नका, कारण रक्त सांडलं की विषाणू जमिनीत, बुटांवर, कुत्र्याच्या तोंडात सगळीकडे जातो. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा, दवाखान्याला कळवा आणि फार्ममधून काहीही बाहेर जाऊ देऊ नका. खाली लिहिलेलं सगळं क्लासिकलबद्दल आहे.

एका वहीतली तीन पानं

चौदा माद्यांचा एक फार्म होता. मालक मेहनती, आणि महत्त्वाचं म्हणजे वही लिहिणारे. होळीच्या सुमारास त्यांच्याकडे सोळा पिल्लं गेली. माद्या थोड्या मलूल झाल्या, दोन दिवस खाल्लं नाही आणि सावरल्या. त्यांनी सगळ्यांना लस टोचून घेतली, शेड धुतली. जुलैच्या मध्यावर परत अकरा पिल्लं गेली. दिवाळीच्या आधी परत. तिसऱ्या वेळी मी गेलो तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टर, ही जागाच बाधली आहे. शेड पाडून पलीकडे बांधतो.”

मी वही मागितली. सात नंबरच्या मादीचं पान असं होतं: ५ जानेवारीला भरवली (म्हणजे नर दाखवला). ८ मार्चला “खात नाही, अंग गरम”. १० मार्चला “बरी”. २९ एप्रिलला व्याली, नऊ पिल्लं, एक मेलेलं, दोन “थरथरतात”. जूनच्या १० तारखेला पिल्लांचं दूध तोडलं. पुढे “एक खुरटं, बाकी ठीक”.

५ जानेवारीपासून ८ मार्च म्हणजे ६२ दिवस. डुकरीण ११४ दिवस गाभण राहते. म्हणजे मादीला ताप आला तेव्हा पोटातली पिल्लं बरोबर मध्यावर होती. सगळं उत्तर त्या ६२ च्या आकड्यात होतं, आणि ते आठ महिने वहीत पडून होतं.

अंगात शिरल्यावर काय होतं

विषाणू तोंडावाटे किंवा नाकावाटे जातो. आजारी डुकराने नाक लावलेलं खाद्य, त्याची लघवी, लाळ किंवा खरकट्यातला डुकराच्या मांसाचा तुकडा, एवढं पुरतं. पहिला मुक्काम घशातल्या टॉन्सिलमध्ये. डुकराचे टॉन्सिल टाळूच्या मागच्या बाजूला पसरलेले असतात आणि त्यांना बारीक बारीक भोकं असतात. त्या भोकांच्या आतल्या पेशींत विषाणू वाढतो. प्रयोगशाळा सगळ्यात आधी टॉन्सिलचा तुकडा का मागते, त्याचं कारण हेच.

तिथून तो जबड्याखालच्या लसिका ग्रंथींत उतरतो, मग रक्तात. रक्तातून पाणथरी (प्लीहा), हाडांतला मगज, आतड्यांलगतच्या ग्रंथी. पाच-सहा दिवसांत सगळं अंग व्यापतो. या काळात डुक्कर वरून ठणठणीत दिसू शकतं, पण लक्षणं उमटायच्या आधीच त्याच्या लाळेतून विषाणू बाहेर पडायला लागलेला असतो. आजारी दिसलेलं पिल्लू वेगळं काढलं, तेव्हा त्याच कप्प्यातल्या बाकीच्यांना तो बहुधा लागून गेलेला असतो. म्हणून मी एक पिल्लू नाही, आख्खा कप्पा वेगळा धरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हा विषाणू संरक्षण करणाऱ्या पेशींवरच बसतो. त्याने ज्या पेशीत घर केलं ती तर बिघडतेच, पण तिने सोडलेल्या रसायनांमुळे आजूबाजूच्या, लागण न झालेल्या पांढऱ्या पेशीही झपाट्याने मरतात. रक्त तपासलं तर ताप चढायच्या आधीच पांढऱ्या पेशी कोसळलेल्या सापडतात. निरोगी डुकरात त्या दर घनमिलिमीटरला दहा हजारांच्या वर असतात. आठ हजारांच्या खाली गेल्या की संशय घ्यायचा. सोबत रक्त गोठवणाऱ्या चकत्याही घटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. मग जागोजागी रक्त पाझरतं.

लागण झाल्यापासून साधारण तीन ते दहा दिवसांनी ताप येतो. निरोगी डुकराचं तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइटच्या मध्ये असतं, ते १०५ च्या वर जातं आणि तिथेच राहतं. वराहपालकाला सगळ्यात आधी दिसते ती गर्दी. भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली जीव कासावीस होत असताना सात-आठ पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली असतात, थंडीत बसावीत तशी. उठवलं तर उठतात, दोन पावलं जातात आणि परत तिथेच जाऊन पडतात. डोळ्यांच्या कडांना चिकट पू. आधी शेण कडक, गोळ्यांसारखं, दोन दिवसांनी पिवळसर पातळ जुलाब. मागचे पाय लटपटतात, चालताना एक पाय दुसऱ्यासमोर येतो. शेवटी कान, नाकाडाचं टोक आणि मांड्यांची आतली बाजू जांभळी पडते.

आफ्रिकनचा संशय नसेल आणि डॉक्टर समोर असतील, तरच मेलेलं पिल्लू उघडा. मूत्रपिंड हातात घ्या आणि वरची पातळ साल नखाने सोला. खाली फिकट पडलेल्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, टर्कीच्या अंड्यावर असतात तसे. लसिका ग्रंथी कापली तर कडेने लालभडक आणि मधे फिकी, संगमरवरासारखी. पाणथरीच्या काठावर काळपट, टणक, उंचवटा आलेले डाग असतील तर माझा संशय जवळजवळ पक्का होतो. आजार महिनाभर चिघळलेला असेल तर मोठ्या आतड्यात गोल, उंच कडांचे व्रण सापडतात, शर्टाची बटणं चिकटवल्यासारखे. तरीही हे सगळं संशयापुरतंच. निदान प्रयोगशाळेचं.

अँटिबायोटिकने बरं वाटतं, तिथेच फसगत होते

पांढऱ्या पेशी खलास झाल्या की एरवी गप्प असलेले जिवाणू उचल खातात. फुप्फुसात पाश्चुरेला, आतड्यात साल्मोनेला. म्हणजे पिल्लाला दोन आजार असतात: खालचा विषाणूचा, वरचा जिवाणूंचा. ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन दिलं की वरचा दबतो, ताप एक-दोन अंश उतरतो, पिल्लू तोंड हलवतं. वराहपालक म्हणतो, “न्यूमोनिया होता, औषध लागू पडलं.” नोंद तीच होते, आणि पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच होते.

त्याहून वाईट म्हणजे सुई. एकाच सुईने चाळीस पिल्लांना इंजेक्शन देताना मी लोकांना पाहिलं आहे. तापातल्या डुकराच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. पहिल्या आजारी पिल्लातून बाहेर आलेली सुई पुढच्या निरोगी पिल्लात घालणं म्हणजे आपल्या हाताने रोग टोचणं. टॉन्सिलचा पहिला मुक्कामसुद्धा मग विषाणूला करावा लागत नाही. निदान प्रत्येक कप्प्याला नवी सुई, आणि आजारी कप्पा सगळ्यात शेवटी. सुईचा खर्च एका पिल्लाच्या किमतीपुढे काहीच नाही.

तो चार-सहा महिने राहतो कुठे?

शेड पाडायला निघालेल्या मालकांना मी हाच प्रश्न विचारला. या विषाणूला बाहेरून चरबीचं पातळ वेष्टण असतं. उष्णता, वाळणं आणि साबण त्याला सोसत नाही. थंडीत शेणात-लघवीत तो कित्येक दिवस, अगदी आठवडेही टिकतो. पण ३० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत त्याचं बळ काही तासांत निम्मं होत जातं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली, कोरड्या फरशीवर तो होळीपासून जुलैपर्यंत बसून राहील हे संभवत नाही. गोठवलेल्या मांसात मात्र तो वर्षानुवर्षं राहू शकतो. म्हणजे उरतात दोनच जागा: बाहेरून येणारं मांस किंवा जिवंत डुक्कर.

त्या फार्मवर हॉटेलचं खरकटं येत नव्हतं. नवीन जनावर आणलेलं नव्हतं. उरलं आतलं डुक्कर.

लागण झालेल्या डुकरांचे तीन मार्ग असतात. काही तीव्र आजाराने दोन ते चार आठवड्यांत मरतात. काही बरी होतात. दोन-तीन आठवड्यांत रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) तयार होतात, विषाणू संपतो आणि ती पुढे बराच काळ सुरक्षित राहतात. ही डुकरं दोषी नाहीत, त्यांना घाबरून विकू नका. तिसऱ्या वाटेची डुकरं चिघळतात. ताप येतो-जातो, जुलाब थांबतात-लागतात, केस राठ होतात, आणि दोन-तीन महिने रेटून मरतात. मरेपर्यंत विषाणू सोडत राहतात. खुरटं पिल्लू म्हणून ज्याला आपण मायेने वेगळं गूळपाणी पाजतो आणि मग थोडं बरं वाटलं की परत कळपात सोडतो, ते पुष्कळदा हे असतं.

आणि चौथी वाट आहे, ती पोटातल्या पिल्लाची.

गाभण मादीला लागण झाली की विषाणू वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भात जातो. मोठ्या मादीला स्वतःला कधी कधी नुसता दोन दिवसांचा ताप येतो, जसा सात नंबरला आला. गाभणपणाच्या सुरुवातीला हे झालं तर ती गाभडते, पिल्लं आतच सुकतात किंवा मेलेली जन्मतात. अगदी शेवटी झालं तर गर्भाचं संरक्षण बऱ्यापैकी तयार असतं, तो झुंज देऊ शकतो. पण ५० ते ७० दिवसांच्या मधल्या खिडकीत विषाणू पोहोचला तर गर्भाची प्रतिकारशक्ती घडतच असते, ‘आपलं’ आणि ‘परकं’ ओळखायला शिकत असते. त्या वेळी रक्तात असलेल्या विषाणूला ती ‘आपलं’ समजून बसते. ते पिल्लू जन्मतं, दूध पितं, खेळतं. रक्तात विषाणू तुडुंब, पण त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं नाहीत. जन्मापासून मरेपर्यंत ते लाळ, लघवी, शेण, सगळ्यांतून विषाणू सांडत फिरतं. अशी पिल्लं कित्येक महिने जगतात, ११ महिन्यांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. मग हळूहळू खंगतात आणि जातात. त्यांतली काही जन्मतः थरथरतात. मालकांनी वहीत लिहिलं होतं ना, “दोन थरथरतात.”

गर्भातच नव्हे, जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत लागण झाली तरी पिल्लू असंच कायमचं विषाणूधारक होऊ शकतं, हे स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. अशा पिल्लांना लस टोचली तर ती लागूच होत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. आधीच घर भरून बसलेला विषाणू लसीच्या विषाणूला आत येऊ देत नाही.

आता जुलैचा हिशेब मांडा. सात नंबरची पिल्लं एप्रिलअखेर जन्मली. त्याच सुमारास व्यालेल्या इतर माद्यांच्या पिल्लांना आईच्या चिकातून प्रतिद्रव्यं मिळाली होती, तोवर ती सुरक्षित होती. जूनमध्ये दूध तोडून सगळी एका मोठ्या कप्प्यात सोडली. चिकातलं संरक्षण ओसरत गेलं आणि शेजारी विषाणू सांडणारी भावंडं होतीच. जुलैत अकरा गेली. मेली ती इतर माद्यांची. सात नंबरची पाच पिल्लं तेव्हाही उभी होती, म्हणून त्यांच्यावर कोणाचा संशय गेला नाही. त्यातलीच एक अंगाने बरी दिसली म्हणून पैदाशीला ठेवली होती.

शोधायचं कसं

वही असेल तर काम निम्मं झालं. मरतुकीच्या किंवा तापाच्या तारखेपासून मागे जा आणि तेव्हा कोणकोणत्या माद्या भरवल्यापासून ५० ते ७० दिवसांच्या मधे होत्या ते काढा. मी जरा सैल धरतो, ४० ते ९०, कारण मादीला लागण नेमकी कोणत्या दिवशी झाली ते कधीच कळत नाही. त्या माद्यांच्या त्या वेतातली जी जी पिल्लं फार्मवर आहेत ती सगळी संशयित, दिसायला कितीही चांगली असोत. वही नसेल तर खुरटी, थरथरणारी, कारणाशिवाय मागे पडलेली पिल्लं आणि त्यांची भावंडं धरा.

रक्त प्रतिद्रव्यांसाठी तपासून उपयोग नाही, आणि हे मी जोर देऊन सांगतो. आपली लस जिवंत विषाणूची आहे. लस घेतलेल्या आणि आजारातून उठलेल्या डुकरांत प्रतिद्रव्यं सारखीच दिसतात. आणि जे डुक्कर आपल्याला पकडायचं आहे, त्याच्यातच ती नसतात! म्हणून विषाणूचीच तपासणी मागा: आरटी-पीसीआर किंवा अँटिजेन एलायझा. जिवंत डुकराचं रक्त जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत घ्यायचं. मेलेल्याचे टॉन्सिल, पाणथरी, लसिका ग्रंथी आणि मूत्रपिंडाचे तुकडे, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, बर्फावर. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यावरून विषाणूचं काम नीट होत नाही. महाराष्ट्रात नमुने पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात जातात, तिथून गरज पडली तर भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत. आफ्रिकन स्वाइन फीवरची तपासणी त्याच नमुन्यावर सोबत मागून घ्या.

दोन्ही रोग २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली कळवायचे आहेत. कळवलं की त्रास होईल असं वाटतं, हे मला समजतं. पण शेजारच्या गावातल्या माणसाने आजारी डुकरं गुपचूप बाजारात नेली म्हणून तुमची मेली, तर तुम्ही काय म्हणाल?

पॉझिटिव्ह निघालेल्या डुकरावर उपचार नाही. ते ठेवायचं नाही आणि विकायचं तर मुळीच नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मारून खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं, विहीर आणि ओढ्यापासून लांब. सात नंबरच्या पाच पिल्लांपैकी चार पॉझिटिव्ह आली, त्यात ती पैदाशीची मादीही होती, आणि तेव्हा ती स्वतः गाभण होती. अशा मादीच्या पोटातली पिल्लंही विषाणू घेऊनच येतात. ती व्याली असती तर हे चक्र तिसऱ्या पिढीत गेलं असतं. मालक बराच वेळ तिच्या कप्प्यापाशी उभे होते. मीही काही बोललो नाही.

सात नंबर स्वतः मात्र निगेटिव्ह आली. ती बरी झालेली होती, तिला आम्ही ठेवलं.

मग लस चुकली का?

थोडी चुकते, पण लोक समजतात तशी नाही. आपल्याकडे दशकानुदशकं सशांवर वाढवलेली लस वापरात आहे. एका सशाच्या पाणथरीतून जेमतेम ५० मात्रा निघतात, त्यामुळे देशाला वर्षाला दोन कोटींहून जास्त मात्रा लागत असताना लस कायम अपुरी पडली. २०२० मध्ये इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशींवर वाढवलेली लस आणली, तिला ससे लागत नाहीत. दोन्ही लसी जिवंत विषाणूच्या आहेत, म्हणजे विषाणू जिवंत पोहोचला तरच काम.

तो वाटेत मरतो. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ वितळून पाणी झालेलं असतं. द्रावणात मिसळल्यावर बाटली उन्हात ठेवून चहा घेतला जातो. सिरिंज स्पिरिटने पुसलेली असते, आणि स्पिरिटने लसीचा विषाणूही तसाच मरतो. सिरिंज नुसती पाण्यात उकळून, थंड करून घ्या. लस मिसळली की बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवा. उरलेली उद्यासाठी ठेवू नका.

वेळ हा दुसरा घोळ. लस झालेल्या आईच्या पिल्लांत चिकातली प्रतिद्रव्यं असतात. महिनाभराच्या पिल्लाला लस टोचली तर ती प्रतिद्रव्यं लसीच्या विषाणूलाच मारतात, आणि तुम्हाला वाटतं लसीकरण झालं. फार उशीर केला तर मधे उघडी फट राहते. दीड ते दोन महिन्यांच्या दरम्यान पहिली मात्रा आणि पुढे तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेली बूस्टर, हा मध्यममार्ग बहुतेक ठिकाणी चालतो. सगळ्या माद्या भरवण्याआधी लस घेतलेल्या हव्यात. ती खिडकी बंद करायचा तोच खरा उपाय आहे: मादीच्याच अंगात विषाणू वाढला नाही, तर पोटापर्यंत जाणार कसा?

साथ सुरू असताना लस टोचली तर आधीच लागण झालेली पिल्लं मरतातच आणि दोष लसीवर जातो. तरीही निरोगी कप्प्यांना त्या वेळी टोचावी, चांगली लस आठवड्याच्या आत संरक्षण द्यायला लागते. फक्त सुईचं वर लिहिलं आहे ते विसरू नका.

बाहेरचं दार

आतलं डुक्कर काढल्यावर बाहेरून परत आणायचं नाही. हॉटेलचं खरकटं स्वस्त पडतं, मी कोणाला ते बंद करा असं सहज सांगत नाही, कारण कित्येकांचा धंदाच त्यावर उभा आहे. पण ते मोठ्या कढईत, ढवळत, खदखदून अर्धा तास उकळलेलं हवं. वर वाफ आली म्हणजे तळाचं हाडाजवळचं मांस शिजलं असं नाही. कच्चं ज्या बादलीत आणलं त्याच बादलीत शिजलेलं ओतायचं नाही.

भाड्याने आणलेला नर हे दुसरं दार. वीर्यातूनही विषाणू जातो. तिसरं दार व्यापाऱ्याची गाडी. नेदरलँड्समध्ये १९९७ साली हा रोग शिरला तो बहुधा जर्मनीतून परतलेल्या, नीट न धुतलेल्या ट्रकमधून, आणि ती साथ आवरेपर्यंत सुमारे एक कोटी डुकरं मारावी लागली. जगातल्या सगळ्यात शिस्तीच्या फार्मांवर हे झालं. व्यापाऱ्याची गाडी फाटकाबाहेर थांबवा, डुकरं आपल्या माणसांनी फाटकापर्यंत आणावीत, आणि त्याच्या माणसाने आत पाय ठेवू नये. शेड धुताना आधी शेण खरवडून काढा, मग दोन टक्के कॉस्टिक सोडा, हातात रबरी मोजे घालून. शेणावर ओतलेलं औषध शेणातच संपतं. नवीन आणलेलं जनावर महिनाभर वेगळं.

त्या फार्मवर शेड पाडली नाही. मालकांनी वहीत प्रत्येक मादीच्या पानावर एक नवीन रकाना आखला आहे: भरवल्याच्या तारखेत ५० आणि ७० मिळवून आलेल्या दोन तारखा. त्या दोन तारखांच्या मधे मादी एक वेळ जरी जेवली नाही, तर थर्मामीटर लावून आकडा लिहितात आणि मला फोन करतात. तिची पिल्लं व्याल्यापासून तपासणी होईपर्यंत वेगळ्या कप्प्यात राहतात, आणि त्यांतलं एकही पैदाशीला ठेवत नाहीत. गेल्या आठवड्यात तीन नंबरसाठी फोन आला होता, भरवून ५८ दिवस, थर्मामीटरचा आकडा १०३. दुसऱ्या दिवशी तो १०२ वर आला आणि तिने टाकं चाटूनपुसून साफ केलं. तरी रक्त घेतलं आहे. निकाल यायचा आहे.